मुलगा २२ वर्षांचा झाला, त्याला कोणते काम द्यावे?

मोर्शी तालुक्यातल्या एका आईचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा (त्याला इथे गजानन म्हणू) २२ वर्षांचा आहे. अठराव्या वर्षापर्यंत तो विशेष शाळेत होता आणि त्यानंतरची चार वर्षे घरीच आहे. प्रमाणपत्रावर बौद्धिक अक्षमता ७५ टक्के असे लिहिलेले आहे. त्याला वाचता येत नाही, दहाच्या पुढे मोजता येत नाही, घड्याळ कळत नाही, आणि अनोळखी माणूस बोलू लागला की तो मान खाली घालतो. गावातला एक किराणा दुकानदार म्हणतो, "पाठवून द्या, चहा-जेवण देतो, पैशाचं मात्र बोलू नका." हे स्वीकारावे का, की कर्मशाळेत (अठरा वर्षांपुढच्या दिव्यांगांना काम शिकवणाऱ्या संस्थेत) जागा निघण्याची वाट पाहावी, असे त्या विचारतात. पत्राचा शेवट असा आहे: "मी आज आहो, उद्या नाही. माह्या मागं त्याले कोन पाहीन?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात गजाननला काय येत नाही एवढेच लक्षात राहिले, कारण त्याने तुमचे पाऊण पत्र भरले आहे. दुसऱ्या वाचनात एका वाक्याशी थांबलो. तुम्ही ओघात लिहून गेला आहात की आठवडी बाजारातून आणलेली भाजी तो कोणी न सांगता वेगवेगळ्या टोपल्यांत लावतो, आणि किडके वांगे हाती लागले की बाजूला काढून ठेवतो. मी सव्वीस वर्षे विशेष शाळेत आणि नंतर कर्मशाळेत शिकवले. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या मुलाच्या नोकरीची सुरुवात त्या टोपल्यांपासून होते. प्रमाणपत्रावरच्या आकड्यापासून ती होत नाही.

तो आकडा आधी बाजूला ठेवू. बौद्धिक अक्षमतेची पातळी ठरवून ५०, ७५, ९० किंवा १०० टक्के असे अंक दिले जातात. बस-रेल्वेची सवलत, अनुदान, आरक्षण यांसाठी किमान ४० टक्के लागतात, म्हणून तो अंक कामाचा आहे. मात्र ७५ टक्के अक्षमता म्हणजे माणूस २५ टक्के कामाचा, असा अर्थ आपल्याकडे शिकलेली माणसेही बिनदिक्कत काढतात, आणि तो साफ चुकीचा आहे. कोणते काम, कोणी शिकवलेले, कोणत्या जागी, यावर माणूस काय करू शकेल हे ठरते, आणि यातले काहीच त्या कागदावर लिहिलेले नसते.

आता कर्मशाळेविषयी. इथे मला माझीच एक चूक कबूल करावी लागेल. अनेक वर्षे मी मुलांना मेणबत्त्या आणि कागदी पाकिटे करायला शिकवली. मुले शिकली आणि हात छान बसले. दिवाळीला आम्ही टेबल मांडत असू आणि पाहुणे कौतुकाने चार-चार पाकिटे घेऊन जात. पण आमच्या तालुक्यात मेणबत्त्या करणारा माणूस कोणाला नोकरीवर हवा होता? कोणालाच नाही. मुले "तयार" होत राहिली, तिशी ओलांडली तरी तयारच होत राहिली, आणि नोकरी एकालाही लागली नाही. दोष मुलांचा नव्हता. आधी शिकवायचे आणि मग जागा शोधायची, हा आमचा क्रमच उलटा होता. या मुलांना एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी वापरणे जड जाते, त्यामुळे कर्मशाळेतल्या टेबलावर बसलेला हात बागेत किंवा दुकानात पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागतो. म्हणून आधी खरी जागा शोधावी, आणि त्या जागेवरच, तिथल्याच वस्तू हातात देऊन शिकवावे. तुमच्या भागातल्या कर्मशाळेत जागा निघाली तर गजाननला जरूर पाठवा. तिथे सोबत मिळते, शिस्त लागते. मात्र तिच्या वाटेकडे डोळे लावून आणखी चार वर्षे घालवू नका.

असे शिकवता येते याची साक्ष जुनी आहे. अमेरिकेतले मार्क गोल्ड नावाचे शिक्षक १९७०च्या दशकात तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना सायकलचा ब्रेक जोडायला शिकवत. त्या ब्रेकचे सुटे भाग १५ होते, आणि ज्यांना लोकांनी "काही येणार नाही" म्हणून सोडून दिले होते त्यांनी तो जोडला. त्यांची एक युक्ती मी पुढे आयुष्यभर वापरली. प्रत्येक भागाची एक बाजू त्यांनी लाल रंगवली आणि लाल बाजू आपल्याकडे ठेवायची, एवढेच शिकवले. डावे-उजवे, आत-बाहेर ही भानगडच उरली नाही.

आता तुमच्या गावाकडे येऊ. तुमचे दीर शेंदुरजनाघाटच्या बाजूला संत्र्याच्या रोपवाटिकेत कलमे बांधायला जातात, असे तुम्ही लिहिले आहे. मी तुमच्या जागी असतो तर किराणा दुकानाआधी तिथे गेलो असतो. दुकानात दर गिऱ्हाईक नवे, दर मागणी वेगळी, वर सुट्या पैशांचा हिशेब. बोलणाऱ्या अनोळखी माणसापुढे मान खाली घालणाऱ्या मुलासाठी ती सर्वांत अवघड जागा आहे. रोपवाटिकेत तीच माती, तीच पिशवी, तीच माणसे रोज असतात. एकच कृती शंभर वेळा करण्याचा कंटाळा तुम्हा-आम्हाला येतो. गजाननसारख्या पुष्कळ मुलांना तो येत नाही, उलट त्यात त्यांना स्थैर्य वाटते. (सगळ्यांनाच नाही. माझा एक विद्यार्थी तिसऱ्या दिवशी टोपले फेकून निघून गेला आणि पुढे बैलांच्या गोठ्यात रमला. त्यामुळे मुलाला काय आवडते, हे त्याला तिथे नेल्यावरच कळेल.)

मालकाकडे जाताना दयेचा शब्द काढू नका. "गरीब पोट्टं आहे, सांभाळून घ्या" म्हटले की मालक एक तर नाही म्हणतो, नाही तर दुकानदारासारखा चहावर ठेवून घेतो. दिरांना आधी एक गोष्ट पाहायला सांगा: कलमे बांधणारे हुशार हात कोणत्या किरकोळ कामात अडकतात? जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरणारा, म्हणजे जंगली लिंबाच्या रोपावर संत्र्याची कळी बसवणारा माणूस कसबी असतो. तो जर मधूनमधून उठून पिशव्या भरत असेल, पाणी आणत असेल, पट्ट्या कापत असेल, तर मालकाचे नुकसान होत असते. तिथेच गजाननची जागा आहे. "तुमच्या कलमवाल्याला दिवसभर बसून काम करता येईल, पिशव्या हा भरून देईल, पंधरा दिवस पाहा" हे बोलणे मालकाला कळते, कारण ते त्याच्या फायद्याचे आहे.

पिशवी भरणे हे मोठ्या माणसाला एकच काम वाटते. ते एकदा स्वतः करून पाहा आणि हात काय काय करतात ते मोजा. गठ्ठ्यातून एक पिशवी सोडवायची. तोंड चिकटलेले असते, ते दोन बोटांत चोळून उघडायचे. काठ बाहेर दुमडायचा. डब्याने माती आणि शेणखताचे मिश्रण घालायचे. अर्धी भरली की जमिनीवर दोनदा आपटायची. पुन्हा भरायची, पण गळ्यापर्यंत नाही, दोन बोटे जागा ठेवून. मग उचलून रांगेत उभी करायची. ही सात कामे झाली, आणि गजानन यातल्या एखाद्याच ठिकाणी अडेल. बहुधा चिकटलेले तोंड उघडताना किंवा "दोन बोटे जागा" समजताना. तेवढ्याच अडचणीवर उपाय शोधायचा. गठ्ठ्यातल्या पिशव्या सकाळी दुसऱ्या कोणी मोकळ्या करून ठेवाव्यात. काठाच्या दोन बोटे खाली कशाने तरी लाल खूण करावी आणि "लाल दिसेपर्यंत माती" एवढे सांगावे. शंभरपर्यंत मोजता येत नसेल तर मोजायची गरजच ठेवू नये. जमिनीवर चार बांबूंची चौकट करावी, तीत दहा रांगा दहा-दहाच्या बसतील अशी. चौकट भरली की शंभर झाल्या, मग ती उचलून पुढे ठेवायची. मोजणी चौकट करते, भरणारा नाही.

शिकवताना शेवटाकडून सुरुवात करा. पहिल्या दिवशी सगळी पिशवी दुसऱ्याने भरावी आणि गजाननने ती फक्त रांगेत ठेवावी. काम पूर्ण केल्याचा आनंद त्याच्याच हाताला मिळतो. ते जमले की आपटणे आणि ठेवणे त्याच्याकडे द्यावे, मग एक-एक पायरी मागे यावे. बोलणे कमी ठेवा. आपण अडखळणाऱ्या मुलाला भराभरा सूचना देतो आणि त्याचा गोंधळ वाढवतो. आधी करून दाखवावे, मग बोटाने खूण करावी, अगदीच नाही जमले तर कोपराला हलका हात लावावा, आणि दर दिवशी ही मदत थोडी-थोडी कमी करावी. मदत कमी करायची विसरलो तर मुलगा कामाऐवजी आपल्याकडे पाहायला शिकतो. मी हे शेकडो वेळा पाहिले आहे, आणि निम्म्या वेळा पाहिला गेलेला माणूस मीच होतो.

हे कोणी करायचे? शहरातल्या संस्थांकडे यासाठी जॉब कोच म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून शिकवणारा माणूस असतो. तुमच्या गावात तो नाही, पण दीर आहेत. पहिले पंधरा दिवस त्यांनी अर्धा वेळ गजाननजवळ काढावा (त्यांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई तुम्ही घरातून करा, तो खर्च सार्थकी लागेल), मग सकाळी आणि सुट्टीच्या वेळी एकदा, मग आठवड्यातून एकदा. दरम्यान तिथलाच एखादा गडी किंवा बाई "गजा, चाल जेवाले" म्हणून हाक मारू लागली की दिरांचे काम संपत आले असे समजा. तुम्ही स्वतः मात्र तिथे बसू नका. तुम्हाला हे कठीण जाईल. आई जवळ असली की बावीस वर्षांचा माणूस पोरगा होतो, आणि मालकही त्याच्याशी न बोलता तुमच्याशीच बोलतो.

मजुरीबद्दल स्पष्ट लिहितो. दुकानदाराचे बोलणे स्वीकारू नका. पंधरा दिवस किंवा महिनाभर शिकण्याचा काळ म्हणून ठरवून घेणे वेगळे आणि कायमचे चहा-जेवणावर राबणे वेगळे. त्याने पोते उचलले, झाडले, माल लावला, तर ते कामच झाले आणि त्याला दर आहे. रोपवाटिकेत हा प्रश्न सोपा होतो, कारण पिशव्यांचे काम गुत्त्याने, म्हणजे नगावर देता येते. शंभर पिशव्यांना जो दर इतरांना तोच त्याला. इतरांनी सहाशे भरल्या आणि त्याने अडीचशे, तर त्याला अडीचशेचे मिळतील. यात कोणावर उपकार नाही आणि कोणाचे नुकसानही नाही. पहिल्याच दिवशी दोन माणसांसमोर दर ठरवा आणि हजेरी वहीत लिहायला लावा.

पैसे त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात जाऊ द्या. खाते त्याच्या नावावर निघते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने (तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे) दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता मान्य केली आहे. बँकेतला कोणी "पालकत्वाचा कागद आणा" म्हणाला तर लगेच धावू नका. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्व मिळते, आणि पुढे जमिनीच्या वाटणीसारख्या प्रसंगी तुम्हाला ते लागेलही. नोकरी करायला आणि मजुरी घ्यायला मात्र ते लागत नाही. दर आठवड्याला थोडे रोख पैसे त्याच्या हातात द्या आणि बाजारात त्यालाच खर्च करू द्या. जिलेबी घेतो की गुटखा, यावर लक्ष ठेवा, पण पैसे त्याचेच आहेत हे त्याला दिसले पाहिजे.

संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान बंद होईल, ही तुमची भीती खोटी नाही. त्या योजनेला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आहे. कामाला लावण्यापूर्वी तहसील कार्यालयातल्या त्या शाखेत जाऊन आपला दाखला आणि अपेक्षित मजुरी दोन्ही सांगून लेखी विचारा. हंगामी गुत्त्याच्या कामाने मर्यादा ओलांडली जाईलच असे नाही. या भीतीने मुलाला जन्मभर घरी बसवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यांना दोष देण्याची माझी हिंमत होत नाही, कारण अनुदान दर महिन्याचे असते आणि काम हंगामाचे.

हंगामाचा विचार आत्ताच करा. पिशव्यांचे काम बारा महिने नसते. आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेर फुललेली) संत्री तोडणीला आली की वखारींत आणि बागांत माल निवडायला, क्रेट भरायला हात लागतात, आणि किडके वांगे ओळखणारा मुलगा डागी संत्रे ओळखायला शिकेल याविषयी मला फारशी शंका नाही. मात्र नवीन जागा म्हणजे नवीन शिकवणी, हे विसरू नका. दिरांचे पंधरा दिवस पुन्हा धरा. मृग बहाराला (पावसाळ्यात फुललेल्या संत्र्यांच्या तोडणीला) त्याच वखारीत गेला तर दोन-तीन दिवसांत हात बसेल.

दोन गोष्टींवर तडजोड नको. एक म्हणजे फवारणी. औषध कालवणे, पंप पाठीवर घेणे, रिकामे डबे धुणे, यांतले काहीही गजाननने करायचे नाही, हे मालकाला पहिल्या दिवशी सांगा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा चांगले जाणते लोकही वाचले नाहीत. मळमळते आहे, डोळे चुरचुरतात, हे वेळेवर सांगता न येणाऱ्या मुलाला तिथे उभे करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. याच कारणासाठी उन्हाळ्यात पाण्याची वेळ बांधून द्या. आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला सांगायला नको. तहान लागली तरी तो मागणार नाही, म्हणून प्रत्येक चौकट भरली की पेलाभर पाणी, असा नियमच करा. फिटची गोळी चालू असेल तर तीही मालकापासून लपवू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे चेष्टा. कामावरची टवाळ पोरे अशा मुलाला नाचायला लावतात, शिव्या शिकवतात, त्याच्याकडून विड्या मागवतात. माझ्या एका विद्यार्थ्याने एका हॉटेलातले चांगले चाललेले काम यापायी सोडले, आणि मला कारण कळायला चार महिने लागले, कारण तो घरी फक्त "पोट दुखते" म्हणत असे. गजानन अचानक कामाला जायला नाही म्हणू लागला तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी तिथे कोण काय करते ते दिरांना पाहायला सांगा. दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान करणे हा दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बहुतेक वेळा पोलिसांपर्यंत जावे लागत नाही. मालकाने एकदा दरडावले की भागते. पण कलम आपल्याला माहीत असले की बोलताना आवाज कापत नाही.

सरकारी वाटा थोडक्यात सांगतो. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढले नसेल तर काढा. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे आणि त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांना मिळून आहे. कागद तयार ठेवा, त्यावर विसंबू नका. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात; ग्रामसभेत उभे राहून त्याचा हिशेब विचारा, आणि गजाननला कामावर जायला सायकल किंवा उन्हाची टोपी-बूट त्यातून मिळतील का तेही विचारा. पुढे शेळ्या घ्यायचे मनात आले तर दिव्यांग वित्त महामंडळाचे कर्ज पालकाच्या नावे घेता येते, पण ते पुढचे पुढे.

पत्राच्या शेवटच्या ओळीवर मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. तुमच्यामागे कोण, याचे पूर्ण उत्तर एका नोकरीत नाही. आज गजाननला ओळखणारी माणसे म्हणजे तुम्ही, त्याचे वडील आणि काका. रोपवाटिकेत दोन हंगाम काढल्यावर त्याला नावाने ओळखणारी, तो आला नाही तर "गजा काऊन नाही आला" विचारणारी आणखी दहा-बारा माणसे असतील. मी जी मुले पाहिली त्यांत आई-वडिलांनंतर बरी राहिलेली मुले बहुतेक अशीच होती.

तर येत्या सोमवारी दिरांबरोबर गजाननला घेऊन जा. त्याला फाटकाबाहेर बसवून तुम्ही आत बोलू नका. मालकासमोर त्यालाही उभे करा आणि त्याचे नाव त्यालाच सांगू द्या, वेळ लागला तरी. निघण्यापूर्वी मूठभर पिशव्या मागून आणा, घरी ओसरीवर सवय होईल. आणि घड्याळ कळत नाही म्हणून डबा तो दहालाच उघडून बसेल, हे ठरलेले आहे. त्यासाठी डब्याला कलमवाल्यांच्या डब्यांशेजारी एकाच दोरीला टांगायला सांगा. त्यांचे डबे उतरले की त्याचाही उतरेल.